मुकी टिटोडी

डोझर चालवणाऱ्या माणसाने काय लिहायचं, असं मी अंकाच्या संपादकबाईंना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, "अन्वरभाई, तुमच्या कामातलं काहीही चालेल." मी म्हटलं, बाई, माझं काम म्हणजे खड्डा भरणं आणि टेकाड कापणं, त्याच्यात वाचणाऱ्याला काय मिळणार? त्या हसल्या आणि फोन ठेवून दिला. म्हणजे आली का पंचाईत! आता लिहायला बसलोच आहे तर मशीनचं थोडं सांगतो, गिऱ्हाइकांचं थोडं सांगतो. पण खरं सांगायचं आहे ते दोन टिटव्यांचं आणि बुधीमायचं. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी नंदुरबारचा. वडील पत्र्याच्या पेट्या बनवायचे. घरात आम्ही हिंदी बोलतो, साइटवर अहिराणी, आणि मराठी नगरपालिकेच्या शाळेत शिकलो. त्यामुळे माझं लिहिणं मराठीत, शिव्या अहिराणीत आणि दुआ उर्दूत. पेट्यांच्या ठोकाठोकीत माझं मन रमलं नाही. शहाद्याकडे कालव्याच्या कामावर एक उस्ताद होते, त्यांच्या हाताखाली मी मशीन शिकलो आणि कंबर जाईपर्यंत त्याच सीटवर बसलो.

डोझर म्हणजे रणगाड्यासारखे पट्टे असलेलं मशीन, पुढे मोठं लोखंडी पातं. लोकांना वाटतं, पातं खाली सोडायचं आणि जायचं पुढे. तसं असतं तर माझ्या सासूनेही चालवलं असतं. जमीन सपाट झाली की नाही हे डोळ्यांना कळत नाही, बुडाला कळतं. सीटवर बसल्या बसल्या माणसाला समजतं की डावीकडे वीतभर माती जास्त राहिली. दुसरी गोष्ट बाहेरच्या लोकांना माहीत नसते: पात्याच्या लगत पुढची जी जमीन असते, ती चालवणाऱ्याला दिसतच नाही. एवढं मोठं लोखंड मध्ये आडवं उभं असतं ना. आपण जे कापतो, ते कापताना आपल्याला दिसत नाही. लांबून बघून ठेवायचं, लक्षात ठेवायचं आणि मग पुढे जायचं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने होती. तापीकाठी एक गुजर शेतकरी होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे. उसासाठी वावर सपाट करून घेत होते. माझं काम झालं की आबा लोटाभर पाणी घेऊन यायचे, वावराच्या मधोमध ओतायचे आणि उकिडवे बसून बघायचे, पाणी कुठे जातं. पाणी शेजाऱ्याच्या बांधाकडे गेलं की म्हणायचे, "अन्वर, शत्रूले पानी पाजी ऱ्हायना का रे तू?" मी परत पातं फिरवायचो. मग त्यांच्या बाई दुसरा लोटा घेऊन यायच्या आणि दुसऱ्या टोकाला ओतायच्या, कारण त्यांना पाणी घरामागच्या भेंड्यांकडे हवं असायचं. नवराबायकोचं भांडण आणि मध्ये माझं डिझेल जळतंय! शेवटी मी म्हटलं, आधी तुम्ही दोघं एका लेव्हलला या, मग जमिनीचं बघू. त्या बाई इतक्या हसल्या की लोटा हातातून पडला.

धडगावच्या घाटात दरड कोसळली की आम्हालाच बोलावणं यायचं. एकदा तर नवरदेव जीपमध्ये अडकून बसलेला, वर टपावर वाजंत्री, आणि मी दगड दरीत ढकलतोय. मशीनचा एक पट्टा रस्त्यावर आणि दुसऱ्याखाली भुसभुशीत माती. खाली बघायचंच नाही असं ठरवलं. वाट मोकळी झाली तेव्हा वाजंत्र्यांनी आधी माझ्यासाठी वाजवलं, नवरदेवासाठी नंतर. असे दिवसही होते, नाही म्हणत नाही.

आता टिटवीचं. आमच्याकडे तिला टिटोडी म्हणतात, गुजरात हाकेच्या अंतरावर, म्हणून असेल. माझ्या अम्मीला तिचा आवाज मुळीच खपायचा नाही. घरावरून ओरडत गेली की ती काहीतरी पुटपुटून आमच्यावर फुंकर घालायची. शेतकऱ्यांचं निराळं. टिटोडीने अंडी उंचावर घातली की पाऊस बक्कळ, नदीच्या पात्रात घातली की कोरडं वर्ष. मी दिवसभर रानात असायचो म्हणून लोक मलाच विचारायचे, "अन्वरभाई, औंदा टिटोडी कोठे बठनी?" हवामान खातं लाजेल एवढा माझा भाव होता.

उस्तादांनी मला पहिला नियम शिकवला तो हाच: टिटोडी काचेवर आली की पातं वर. ही टिटोडी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर पायांनी थोडंसं खोलगट करते, चार खडे मांडते आणि त्यात चार अंडी घालते. अंडी मातीच्या रंगाची, ठिपक्याठिपक्यांची, समोर असली तरी दिसत नाहीत. पण मशीन जवळ आलं की ती उठते, कर्कश्श ओरडते, थेट काचेवर झेप घेते. इंजिनच्या आवाजात तिचा आवाज ऐकू येत नाही, पण नाकासमोर पंख आपटले की कोणालाही कळतं. मग मशीन थांबवायचं, खाली उतरायचं, अंडी शोधायची, भोवती दगड लावायचे आणि पिल्लं निघेपर्यंत तेवढा तुकडा सोडून काम करायचं. टिटोडीची अंडी मोडली तर मशीनला पनौती लागते, पाइप फुटतात, असं सगळे ऑपरेटर मानतात. मी पण मानतो. का मानू नये? त्यात कोणाचं नुकसान आहे?

ही लाल टिटोडी. डोळ्यापुढे लाल गाठ, लाल चोच, गळा आणि छाती काळी, पाय पिवळे, लांबलचक. चिखलपाण्यात चालणाऱ्या पक्ष्यांच्या खानदानातली. कालव्याच्या बांधावर, केळीच्या पाटाशी, उसाच्या कडेला कुठेही सापडेल. तापीला पाणी अडलं, बागायत वाढली, तशी हीही वाढली. स्वभाव थेट माझ्या मोठ्या बहिणीचा. बहिणीच्या घरात दूध उतू गेलं तरी गल्लीच्या टोकाला कळतं. आम्ही तिला हसतो खरे, पण तिचं कधी कोणी काही बुडवू शकलं नाही.

मला वाटायचं टिटोडी म्हणजे हीच. दुसरी असते हे कळायला म्हातारपण यावं लागलं, आणि ते शिकवलं बुधीमायने.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांतलं हे काम. शहादा तालुक्यात, कळसाडीच्या बाजूने जाताना एक मोठा माळ लागायचा. गावाचं नाव मी लिहीत नाही, लिहून आता उपयोगही नाही. गावाचं गायरान ते. तिथे सोलरचा प्लॅन्ट येणार होता, म्हणून उन्हाळ्यात आमचं मशीन गेलं. माळ म्हणजे नुसता मुरूम, पिवळं गवत, मध्येच एखादी बाभूळ. माझी सवय अशी की नवीन साइटवर मशीन चालू करायच्या आधी पायी फिरून यायचं. त्या सकाळी मी फिरत होतो, डोळे आभाळाकडे, कुठे टिटोडी उठते का बघत. काहीच उठलं नाही. मनात म्हटलं, चला, मोकळं रान आहे.

"थांब, भाऊ! पाय उचलू नको!"

मी जागच्या जागी खिळलो. बाभळीखालून एक म्हातारी बाई काठी टेकत आली, मागे शेळ्या. भिल्लाची बाई, वाळलेल्या शेंगेसारखी बारीक. "वर काय देखस? खाले देख," ती म्हणाली. मी खाली बघितलं. माझ्या बुटाच्या टोकाशी चार अंडी होती. पाऊल पुढे पडलं असतं तर संपलंच होतं.

"ह्यांची आई कुठे?" मी विचारलं.

तिने काठीने दाखवलं. बऱ्याच लांब एक पक्षी आमच्याकडे पाठ करून उभा होता, जसं काही त्याचं इथे काहीच नाही. लांब पाय तेच, बांधा तोच, पण छाती काळी नाही. सगळं अंग मातीच्या रंगाचं, डोक्यावर काळी टोपी, टोपीखाली पांढरी किनार आणि डोळ्यापुढे पिवळीजर्द गाठ गालावर लोंबणारी. उडाला नव्हता. मला येताना बघून तो अंड्यांवरून उठला आणि चालत गेला होता.

"हाई मुकी टिटोडी शे," ती म्हणाली. "हाई बोंब मारत नही. कोनी ऊना का उठस आनि चालू लागस. ती लाल ओरडस ना, तिना अंडा सगळास्ले सापडतस. हिना कोनाले सापडत नहीत."

माझा साडू वनखात्यात होता. त्याच्याकडच्या पुस्तकात मी नंतर बघितलं, हिला माळटिटवी म्हणतात. लाल टिटवीची सख्खी चुलतबहीण. पाय पाण्यात चालणाऱ्यांचे, पण ही पाण्याकडे पाठ फिरवून कोरड्या माळावर आलेली. माळ गेला की ही गेली, कालव्यावर जाऊन राहणं हिला जमत नाही. साडू म्हणाला, "अन्वर, आता कुठे दिसते ती?" मी म्हटलं, माझ्या पात्यासमोर.

ती बाई म्हणजे बुधीमाय. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. बाभळीखाली तिची झोपडी होती, तुराट्यांची, वरून मातीने लिंपलेली. मी दोनदा त्या बाजूने गेलो तरी मला ती दिसली नव्हती, माळाच्या रंगात माळासारखीच. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन नवापूरकडे, सोबत एवढ्या शेळ्या. ती मूळची वरची, सातपुड्यातली. दुपारच्या सुट्टीत मी तिच्या बाभळीखाली डबा उघडायचो. माझ्या बायकोने दिलेली मिरचीची भाजी तिला फार आवडायची. मी तिला बायकोच्या गुडघ्यांच्या तक्रारी सांगायचो, ती मला माळ दाखवायची. एका फुटक्या माठाच्या खापरात ती पाणी भरून ठेवायची. भर दुपारी ती मुकी टिटोडी यायची, त्यात पोट बुडवून पिसं भिजवायची आणि तशीच ओली जाऊन अंड्यांवर बसायची, अंडी थंड राहावीत म्हणून. मी एवढं आयुष्य रानात काढलं आणि हे कधी बघितलं नव्हतं. डबा हातात तसाच राहायचा.

आता माझी पंचाईत बघा. नियम असा की टिटोडी काचेवर आली की पातं वर. आणि ही तर येतच नाही! मला घरटं माहीत होतं, पण संध्याकाळी दुसरा ऑपरेटर बसायचा, त्याला काय माहीत? मी म्हटलं, काठी रोवतो आणि लाल फडकं बांधतो. बुधीमाय म्हणाली, "खून करू नको, भाऊ. खून देखी का कावळा येस." खून म्हणजे खूण. मी ऐकलं नाही. काठी रोवली, फडकं बांधलं, दुसऱ्या ऑपरेटरला बजावून सांगितलं. त्याने बिचाऱ्याने तो तुकडा सोडला. तिसऱ्या सकाळी अंडी नव्हती, नुसती टरफलं. कावळा काठीवरच बसलेला होता. बुधीमायने खापरातलं पाणी बदललं. शहाणा माणूस असता तर त्याला तिथेच कळलं असतं.

काम पुढे सरकत होतं आणि गावात आरडाओरडा सुरू झाला होता. एका केळीवाल्या शेतकऱ्याची वाट माळातून जायची, तो ट्रॅक्टर आडवा लावून बसला. प्लॅन्टच्या इंजिनिअर साहेबांनी त्याची वाट सोडली. पोरांनी देवाचा ओटा आहे म्हणून घोषणा दिल्या, ओटाही सोडला. साहेब वाईट माणूस नव्हता. बाहेरचा होता, तरुण होता, कोणी ओरडलं की नकाशावर लगेच रेघ मारून द्यायचा. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते म्हणतात, ते मी रोज बघत होतो. आणि बाभळीकडे पातं रोज थोडं सरकत होतं.

मी बुधीमायला म्हटलं, "माय, तू पण बोल. मशीनसमोर बस. मी चावी काढून घेतो, सांगतो की बाई उठत नाही. तू नुसती ओरड." ती शेळीच्या पायातला काटा काढत होती. म्हणाली, "मले ओरडता येत नही." मी चिडलो. "अगं, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही!" तेव्हा तिने सांगितलं, की वर डोंगरात असताना एकदा माणसं आली होती, नाव लिहून घेतलं, मग उठावं लागलं. खाली नदीकाठी आली, तिथेही नाव लिहिलं, तिथूनही उठावं लागलं. "नाव लिखं का उठनं पडस. आठे कोनाले मी दिसनु नही, म्हनीसन ऱ्हायनु," ती म्हणाली. आठे म्हणजे इथे, या माळावर. मला ते म्हातारीचं खूळ वाटलं. देवाशपथ, मला तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाभळीची पाळी होती. मी मशीन अर्ध्यावर बंद केलं, चावी खिशात टाकली आणि खाली उतरलो. साहेब धावत आले. "काय झालं, अन्वरभाई?"

"साहेब, इथे घर आहे."

"कुठे? नकाशात नाही."

"नकाशात नसेल. डोळ्यात आहे ना?"

त्यांनी बघितलं, परत बघितलं, आणि तेव्हा त्यांना झोपडी दिसली. माझ्या अंगात त्या दिवशी माझी बहीणच संचारली होती. मी जो आवाज चढवला! आयुष्यात मशीनमालक शेठसमोर कधी मान वर केली नव्हती तो मी, हातवारे करून बोलत होतो. रस्त्याने जाणारे थांबले, गावातले आले, पोरं आली. सगळे बघून चकित. "आरे, हाई बाई आठे ऱ्हास? कवयपासून?" "कोनी शे? कोनता गावनी?" वर्षानुवर्षं ती तिथे होती आणि कोणाला पत्ता नव्हता. पोरांनी मोबाइलवर फोटो काढले. मला विचारलं, "नाव काय तिचं?" मी सांगितलं. मोठ्या अभिमानाने सांगितलं. सरपंच म्हणाले, उद्या तालुक्याचे साहेब येतील, तलाठी येतील, आपण हिला घरकुल मिळवून देऊ. टाळ्या वाजल्या. कोणाच्याही मनात पाप नव्हतं. साहेबांनी बाभळीची बाजू सोडून काम करायला सांगितलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

बुधीमाय झोपडीच्या दारात उभी होती. गर्दी पांगल्यावर मी फुशारकीने तिच्याकडे गेलो. म्हटलं, बघ माय, झालं ना काम? मराठीत म्हण आहे, टिटवीदेखील समुद्र आटवते. ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मन्हं नाव काबरं सांगं तू?"

"अगं, मदत करणार आहेत ते."

"मदत करनारा बी जागा देखी जास, भाऊ."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. तिने मला पाणी दिलं, मी प्यायलो आणि घरी गेलो. बायकोला सगळं रंगवून सांगितलं. बायकोने बुधीमायसाठी जास्तीची भाकरी आणि मिरचीची भाजी बांधून दिली.

सकाळी माळावर पोचलो तर बाभूळ होती, झोपडी नव्हती. तुराटी नाही, चूल नाही, चुलीची राखसुद्धा नाही. सगळी जागा झाडून घेतलेली. तिने खडे उचलून इकडेतिकडे फेकले होते, वर कोरडी माती पसरली होती. कोणी सांगितलं असतं की इथे कधी माणूस राहत नव्हता, तर मी मानलं असतं. खापरही नेलं होतं. मी तिथे उभा राहून तिला हाका मारल्या. पुष्कळ मारल्या.

तालुक्याचे साहेब खरंच आले. चांगले कपडे, चांगली भाषा. विचारलं, "कुठे आहे घर?" मी जमीन दाखवली. ते जमिनीकडे बघत होते, मग माझ्याकडे बघू लागले. सरपंच ओशाळले. पोरांनी फोटो दाखवला, पण फोटोतसुद्धा झोपडी नीट कळत नव्हती. इंजिनिअर साहेब हळूच म्हणाले, "जाऊ द्या अन्वरभाई, ती स्वतःच गेली. कोणी हाकललं नाही ना?" खरं होतं. कोणी हाकललं नव्हतं. मी करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. भाकरीची पुरचुडी दिवसभर सीटखाली पडून होती.

दुपारनंतर बाभूळ मीच काढली. दुसऱ्याला काढू दिली नाही. बूड सांगत होतं की जमीन सपाट झाली, तरी मी त्या तुकड्यावरून परत परत फिरत होतो. शेवटी साहेबांनी हात करून थांबवलं. आज तिथे काचा आहेत, सूर्याकडे तोंड करून उभ्या, मधून गवतही उगवत नाही. कडेच्या चारीत पाणी साचतं, तिथे लाल टिटोडी आली आहे. पहारेकऱ्याच्या अंगावर धावून जाते म्हणे. पिवळ्या गाठीची मुकी मी त्या भागात पुन्हा बघितली नाही.

बुधीमायला मी खूप शोधलं. धडगावच्या जीपवाल्यांना विचारलं, शेळ्यांच्या बाजारात विचारलं. नाव सांगायला जीभ अडखळायची, पण नाव न सांगता माणूस शोधायचा कसा? नंतर माझी कंबर गेली, डोळ्यात मोतीबिंदू उतरला, मशीन सुटलं.

गेल्या पावसाळ्यात मेहुण्याकडे जाऊन परत येताना खांडबाऱ्याला बाजार होता. गाडीला वेळ होता म्हणून मी बाजारातून चाललो होतो. कोपऱ्यात बायका रानभाज्या घेऊन बसल्या होत्या. तिथून हाक आली, "अन्वर भाऊ शे का?"

बुधीमाय! मी आहे तिथेच खाली बसलो, चिखलात. ती आणखी वाळली होती, पण हसली. "तुन्ही बाईना गुडघा कसा शेतस?" मी म्हटलं, तसेच आहेत. "बकऱ्या?" मी विचारलं. "ईकी टाक्यात." विकून टाकल्या होत्या. मग तिनेच शेजारणीला सांगितलं, हा मशीनवाला भाऊ, याच्या घरची मिरचीची भाजी फार चांगली असते. एवढ्या वर्षांत जे बोलायचं ठरवून ठेवलं होतं ते सगळं विसरलो. शेवटी एवढंच विचारलं, "आते कोठे ऱ्हास, माय?"

तिने एक जुडी उचलली, पाणी शिंपडलं. "ऱ्हास ना. आठेच, बाजूले."

"बाजूला म्हणजे? मुलीकडे? कोणत्या गावाला?"

"भाजी ले, भाऊ. ताजी शे."

मी म्हटलं, "माय, मी कोणाला सांगणार नाही." तिने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. "तू बरा मानूस शे," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. मग विचारलं, "तुन्ही गाडीना टाइम व्हयना नही का?"

बाजार उठत होता. बायका टोपल्या आवरून आपापल्या वाटेने निघाल्या. शेजारीणही गेली. बुधीमायची भाजी संपत आली होती, दोन जुड्या राहिल्या होत्या. ती त्या सोडायची आणि परत बांधायची, सोडायची आणि परत बांधायची. पाऊस भुरभुरायला लागला तरी ती उठेना. मी समोर बसलेला होतो ना. मी असेपर्यंत ती कोणत्याच वाटेने निघणार नव्हती. ते माझ्या लक्षात आलं, तेव्हा मी उठलो, त्या दोन्ही जुड्या घेतल्या आणि स्टेशनकडे चालायला लागलो. मागे वळून बघितलं नाही.